वन्सं-वहिनी आणि दादाचं मत

दादाला मत विचारलं की शिंक यायची. ती खरी यायची की तो आणायचा, हे त्याच्या बायकोलाही इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. भाजीत मीठ बरोबर आहे का, पडदे निळे घ्यायचे की पिवळे, शेजारच्या भांडणात चूक कोणाची, काहीही विचारा. दादा आधी शिंकणार, मग रुमाल शोधणार, आणि रुमाल सापडेपर्यंत विचारणारा दुसऱ्या कोणाला तरी विचारून मोकळा झालेला असणार. केस कापण्याच्या धंद्यात हा गुण कामाला येतो. गिऱ्हाईक म्हणालं कान झाका, की दादा कान झाकायचा. उघडे ठेवा म्हणालं, की उघडे ठेवायचा. आरशात कोण कसं दिसतंय याबद्दल त्यानं आजवर चकार शब्द काढला नव्हता, आणि म्हणूनच त्याचं दुकान चालत होतं.

तर अशा माणसावर निवाडा करायची वेळ आली. तोही बायको आणि बहीण यांच्यामध्ये.

त्याची बायको म्हणजे वहिनी आणि धाकटी बहीण म्हणजे वन्सं. नणंदेला चिडवायला बायको तिला जुन्या पद्धतीनं 'काय वन्सं' अशी हाक मारायची, आणि नणंद तिला वहिनी म्हणायची. दोघी मिळून गायला लागल्या, पहिलं पोस्टर छापायची वेळ आली, आणि नाव काही सुचेना. शेवटी छापणारा कंटाळून म्हणाला, तुम्ही एकमेकींना जे म्हणता तेच टाकतो. झालं, जोडी 'वन्सं-वहिनी' या नावानं गाजली.

गाणी जुनीच होती, कपडे पिळतानाची, बाळ झोपत नाही तेव्हाची, नवरा वेळेवर घरी येत नाही तेव्हाची. वहिनी ॲकॉर्डियन वाजवायची, वन्सं डफ. पहिल्या अल्बममध्ये त्या जुन्या गाण्यांना दोघींनी असं काही पळवलं होतं, की टॅक्सीवाल्यापासून बेकरीवाल्यापर्यंत सगळे ती गुणगुणायला लागले. दोघींची गायची रीत मात्र कुठे शिकवत नाहीत अशी होती. एकीची ओळ संपायच्या आत दुसरी ती तिच्या तोंडातून काढून घ्यायची. कोण कुठे घुसणार हे ठरलेलं नसायचं. ही रीत आली होती स्वयंपाकघरातून, कारण तिथेही दोघी अशाच बोलायच्या.

त्या पहिल्या अल्बमला काही वर्षं लोटली आणि दुसरा निघाला. नाव ठेवलं 'दुसरी उकळी'. आणि तिथेच दूध नासलं.

वहिनीचं म्हणणं, जमाना बदलला, गाण्याला आता ठोका हवा. तिनं भाड्यानं एक ठोक्याची पेटी आणली होती. बटण दाबलं की ती धडधडायची आणि बंद करेपर्यंत दमायची नाही. वन्सं म्हणाली, माझा डफ मेलाय का? पहिल्याच गाण्याला दोघींचं वाजलं. रेकॉर्डिंगवाला शांतताप्रिय माणूस. त्यानं सुचवलं, तुम्ही वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापलं गाऊन जा, मी नंतर जोडतो, उलट आवाज स्वच्छ येतो. दोघींना हे एकदम पटलं. त्या काळात दोघींचं एकमत झालं असेल तर याच एका गोष्टीवर. अर्धी गाणी ठोक्याची झाली, अर्धी साधी, आणि अल्बम पुरा होईपर्यंत दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.

याआधी वन्सं रोज संध्याकाळी जेवायला दादाकडेच असायची. ती समोरच्या इमारतीत एकटी राहायची आणि दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. आता वहिनी तिचा डबा भरून जिन्यात ठेवायची, वन्सं तो उचलायची आणि दुसऱ्या दिवशी घासूनपुसून तिथेच ठेवायची. राग केवढाही असो, डबा चुकला नाही. पण बोलायची वेळ आलीच, तर दोघी एकमेकींना 'अहो-जाहो' करायला लागल्या होत्या. ज्या घरात 'अगं ए' शिवाय हाक ऐकू येत नव्हती, तिथे 'वन्सं, आपण', 'वहिनी, तुम्ही' असं सुरू झालं.

अल्बम बाहेर पडल्यावर आठवडाभरानं वहिनीनं नणंदेला बोलावणं धाडलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या दोन टोकांना दोघी बसल्या. मध्ये दादा, समोर चहाचे कप.

"लोकांना आवडलाय," वहिनी म्हणाली. ती गाडी चालवायला शिकवायची. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, पायाखाली एक जास्तीचा ब्रेक ठेवून जगायची तिला सवय होती. "मी गाडीत लावते. शिकणारे खूश असतात."

"शिकणाऱ्यांचा जीव मुठीत असतो, वहिनी. तुम्ही काय लावलंय ते त्यांना ऐकूही येत नसेल."

"तुम्ही दवाखान्यात लावत असाल ना, वन्सं? तिथे तर लोक तोंडाचा आ करून ऐकतात म्हणे."

दादानं चहाचा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

"असं करू," वन्सं म्हणाली. "लोकांनाच ठरवू दे. दादाच्या दुकानात लावायचा. तिथे सगळे येतात. केस सगळ्यांनाच असतात."

"काहींना नसतात," दादा म्हणाला.

"ते दाढीला येतात," दोघी एकदम म्हणाल्या. मग एकदम बोललो म्हणून दोघींनी तोंडं फिरवली.

अटी ठरल्या. लोकांना ठोका आवडला, तर वन्सं डफ खुंटीला टांगणार आणि पुढे वहिनीनं एकटीनं गायचं. लोकांना साधीच गाणी आवडली, तर वहिनी ॲकॉर्डियन माळ्यावर टाकणार आणि पुढे वन्संनं एकटीनं. महिनाअखेरीस दादानं निकाल सांगायचा. दादाच का? तर त्याला स्वतःचं मत नाही, म्हणून.

चहाचे कप विसळताना दादाच्या डोक्यात प्रकाश पडला. निकाल कसाही लागो, एकीचं गाणं बंद होणार होतं. आणि ते त्याच्या तोंडून बंद होणार होतं.

आता हे सांगायलाच हवं. संध्याकाळी दुकान बंद केलं की दादा लगेच वरच्या मजल्यावर घरी जायचा नाही. शटर ओढायचा आणि दुकानाच्या पायरीवर बसायचा. वरच्या खिडकीतून दोघींचं भांडण ऐकू यायचं, भांडणाचं गाणं व्हायचं, गाण्याचं पुन्हा भांडण, आणि कुठे काय संपलं ते कळायचं नाही. दादाच्या मते जगात याहून चांगलं काही नव्हतं. पण मत सांगायची सवयच नसल्यानं हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. गेले कित्येक दिवस वरून फक्त भांडी घासल्याचा आवाज येत होता, आणि दादाला कुलूप लावून थेट वर जावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आरशासमोरच्या फळीवर, पावडरचा डबा आणि तुरटीचा खडा यांच्यामध्ये, छोटा स्पीकर ठेवला आणि 'दुसरी उकळी' लावली.

दुकान लहानसं होतं. खुर्च्या दोन. त्यातल्या एकीचा दट्ट्या बिघडलेला, म्हणून तिच्यावर बसलेलं गिऱ्हाईक कटिंग होईपर्यंत हळूहळू खाली जायचं आणि दादा त्याच्या मागोमाग वाकत जायचा. मागे एक पडदा होता, पडद्यामागे मोरी, बादली आणि टॉवेल.

पहिला सापडला टॅक्सीवाला. दाढीला आला होता. दादानं त्याच्या तोंडाला फेस फासला, मान मागे टेकवली, वस्तरा गळ्याला लावला आणि विचारलं, "गाणी कशी वाटतात?"

"झकास," टॅक्सीवाला ओठ न हलवता म्हणाला.

"ठोका?"

"ठोका तर एकदम झकास."

दादाला बरं वाटलं. मग आठवलं की याचा अर्थ बहिणीचं गाणं बंद. वस्तरा तिथेच ठेवून त्यानं विचारलं, "पण साधी गाणी जास्त बरी, नाही का?"

"हो तर. साधीच बरी."

पुढे रोज हेच. गालावर वस्तरा, मानेवर वस्तरा, कानामागे वस्तरा, आणि दादाचे दोन प्रश्न. गल्लीतले झाडून सगळे पुरुष ठोक्यावर खूश निघाले आणि सगळेच्या सगळे साध्या गाण्यांवरही खूश निघाले. इतके समजूतदार श्रोते कुठल्या गायकाच्या नशिबी आले नसतील. आपण नेमकं काय करतोय हे दादाच्या लक्षातच येत नव्हतं. गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या त्या दाढी करतानाच, हे त्याच्या हाडीमांसी खिळलेलं. गळ्यावर पातं असताना माणूस कशालाही हो म्हणतो, हा विचार ज्याच्या हातात पातं असतं त्याला कधी शिवत नाही.

रात्रीच्या जेवणाला बायको विचारायची, "काय म्हणतायत लोक?"

दादा घास गिळायचा. "ठोका झकास म्हणतायत."

सकाळी दुकान उघडताना रस्त्यापलीकडून वन्संची हाक यायची, "दादा, काय म्हणतात रे लोक?"

"साधीच बरी म्हणतायत."

दोन्ही खरं होतं. दादाला मनातून वाटत होतं की आपण भलतेच हुशार निघालो. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणजे ताडून पाहायचा प्रश्नच नाही. महिनाअखेर येईल तेव्हा येईल, तोवर कदाचित शिंकेवर भागेल.

पण जिंकलेल्या माणसाचं मन मोठं होतं, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. एका सकाळी वहिनीच्या मनात आलं, बिचारी वन्सं, तिला किती लागलं असेल, जाऊन जरा समजूत काढावी. त्याच सकाळी वन्संच्या मनात आलं, बिचारी वहिनी, केवढ्या हौसेनं पेटी आणली होती. दोघी आपापल्या कामाला जाता जाता दुकानाच्या दारात समोरासमोर आल्या. दोघींच्या चेहऱ्यावर एकसारखी कणव होती. आत खुर्चीत टॅक्सीवाला, अर्ध्या तोंडाला फेस.

"वन्सं, मनाला लावून घेऊ नका हं," वहिनी मायेनं म्हणाली. "तुमचा आवाज चांगलाच आहे. लोकांची आवड बदलते, त्याला आपण काय करणार?"

"मी कशाला लावून घेऊ? मीच तुमच्यासाठी आले होते. पेटी परत करताना सोबत हवी असेल तर सांगा."

"पेटी का परत करायची?"

"डफ का टांगायचा?"

मग दोघींच्या माना हळूहळू दादाकडे वळल्या. दादा शिंकला. पुन्हा शिंकला. रुमाल हातातच होता, त्यामुळे शोधताही येईना.

"वहिनी," टॅक्सीवाला फेसाआडून म्हणाला, "माझा यात काही दोष नाही. यांनी मला दोन्ही विचारलं आणि मी दोन्हीला हो म्हणालो. वस्तरा इथे होता." त्यानं बोट गळ्यावर टेकवून जागा दाखवली. "मला घरी लेकरंबाळं आहेत."

मग वहिनी म्हणाली, "वस्तरा लावून मतं गोळा केलीत तुम्ही?"

"आणि दोघींना दोन मतं वाटलीस?" वन्सं म्हणाली.

"मला वाटलं, दोघींना बरं वाटेल," दादा म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. किती दिवसांनी असं पाहिलं असेल. या माणसाच्या हातात काहीही सोपवण्यात अर्थ नाही, यावर दोघींचं एकमत झालं होतं. तिथल्या तिथे ठरलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकानात गर्दी असते, तेव्हा दोघी पडद्यामागे बसणार. दादानं वस्तरा खाली ठेवून, दोन पावलं मागे सरून, नीट विचारायचं. लोक जे बोलतील ते दोघी आपल्या कानांनी ऐकणार आणि निकाल त्याच दिवशी.

सुट्टीचा दिवस उजाडला. वन्सं उलट्या बादलीवर बसली, वहिनी टॉवेलच्या गठ्ठ्यावर. मोरी एवढीशी, गुडघ्याला गुडघा लागत होता, तरी दोघी एकमेकींना लागू नये म्हणून अंग चोरून बसल्या होत्या. दादानं स्पीकर चालू केला.

पहिले आले औषधाच्या दुकानाचे मालक. दादानं वस्तरा फळीवर ठेवला, मागे सरला आणि विचारलं.

"अगदीच पाणचट," मालक म्हणाले. "पहिल्याची सर नाही."

"कुठलं गाणं ऐकलंत?"

"एकही नाही. मला वेळ कुठे असतो? पण कळतं ना."

"आणि पहिला?"

"तोही नाही ऐकला. पण चांगला होता."

पडद्यामागून कोणीतरी फुत्कारल्याचा आवाज आला. दादानं घाईघाईनं नळ सोडला.

मग आले निवृत्त मुख्याध्यापक. ते बिघडलेल्या खुर्चीत बसले आणि शांतपणे खाली जाऊ लागले. "उच्चार स्पष्ट झालेत," ते म्हणाले. "प्रत्येक शब्द कळतो. पहिल्या अल्बमात दोघी एकदम बोलायच्या, मला एक ओळ धड लागली नव्हती. माझ्या वर्गात असत्या तर बाकावर उभ्या केल्या असत्या."

"म्हणजे हा जास्त आवडला?" दादानं हळूच विचारलं.

"आवडायला पाहिजे." मुख्याध्यापकांची हनुवटी एव्हाना फळीच्या पातळीला आली होती. "पण गंमत अशी, की आंघोळीला गेलो की मी अजून पहिलाच म्हणतो. हा म्हणतच नाही. का ते मला विचारू नका, मलाही कळलेलं नाही."

शेवटी बेकरीवाला आला. तो कामावरूनच आला होता, भुवयांवर पीठ तसंच. दादानं त्याच्या गळ्याभोवती चादर बांधली, डावी बाजू कापून घेतली आणि उजवीकडे येता येता कात्री खाली करून विचारलं. बेकरीवाला सरळ माणूस होता. पाव कच्चा असेल तर कच्चा म्हणून सांगणारा.

"ठोक्याची गाणी मी भट्टीशी लावली होती," तो म्हणाला. "पहिला अल्बम लागला की माझे हात पिठात आपोआप चालायचे. यावर चालत नाहीत. ठोका आहे खरा, पण माझं पीठ मळायचं यंत्र असाच आवाज करतं. ते फुकटात ऐकतोच की मी."

पडद्यामागे वन्सं हलकेच हसली.

"मग साधी गाणी आवडली असतील," दादा म्हणाला.

"त्यांनी तर झोप लागली हो. बसल्या बसल्या. पावांचा कोळसा झाला."

आता पडद्यामागे कोणी हसलं नाही. बादली घसरल्याचा आवाज आला, पाठोपाठ टॉवेलांचा गठ्ठा कोसळला, आणि पडदा बाजूला सारून दोघी बाहेर आल्या. वहिनीच्या खांद्यावर एक ओला टॉवेल तसाच होता. वन्संच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचंही तिला सुचलं नव्हतं.

"म्हणजे ठोकाही नको आणि साधंही नको," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मग हवंय तरी काय?"

बेकरीवाला खुर्चीत अवघडला. "मला काय कळतंय? मी पाव भाजतो."

"दोघींनीही थांबलेलं बरं," वन्सं म्हणाली. "लोकांना आपण नकोच आहोत, वहिनी. तुम्ही पेटी परत करून टाका, मी डफ ठेवून देते."

"तुम्ही म्हणाल तसं," वहिनी म्हणाली.

इतक्या गोडीनं दोघी कधी बोलल्या नव्हत्या. आता भांडणसुद्धा होणार नाही, हे दादाच्या लक्षात आलं, आणि त्याला खरोखर भीती वाटली. दुकान बंद करायचं, कुलूप लावायचं, वर जायचं, आणि उरलेला सगळा जन्म भांड्यांचा आवाज ऐकायचा.

"तुम्हाला तरी काय वाटतं हो?" वहिनीनं विचारलं. उत्तराची अपेक्षा नव्हतीच. नवऱ्याला विचारायची रीत म्हणून विचारलं.

दादानं सवयीनं नाक वर केलं. डोळे बारीक केले. शिंकेची वाट पाहिली. शिंक आली नाही.

"मला नाही आवडला," दादा म्हणाला.

बेकरीवाल्यानं आरशातून त्याच्याकडे पाहिलं. मुख्याध्यापक केस कापून झाल्यावर बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले होते, त्यांनी ते खाली केलं.

"ठोक्याचं माझं काही म्हणणं नाही," दादा म्हणाला. त्याचं तोंड उघडलं होतं आणि आता ते मिटत नव्हतं. "साध्याचंही नाही. पण त्यात कोणी कोणाला अडवतच नाही गं. एक गाते, दुसरी थांबते. मग दुसरी गाते, पहिली थांबते. बँकेत रांगेत उभ्या असल्यासारख्या. आपल्या घरात अशी वागते का कोणी? तुम्ही वेगवेगळ्या दिवशी गेलात, ते ऐकू येतं मला. मी रोज संध्याकाळी खाली पायरीवर बसून तुमचं ऐकायचो. तुम्हाला माहीत नाही. एकीची ओळ दुसरी कुठे हिसकावणार, याची मी वाट बघत बसायचो. दिवसभर लोकांच्या डोक्यात बोटं घालतो ना, ते त्याच्यासाठी. आता तुम्ही एकमेकींना तुम्ही म्हणता. अख्ख्या अल्बमभर तुम्ही एकमेकींना तुम्ही म्हणताय."

एवढं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर काय करायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं कात्री उचलली.

वहिनीला कंठ फुटला तो रागानंच. "हे तेव्हाच बोलायला काय झालं होतं तुम्हाला? रेकॉर्डिंगच्या वेळी विचारलं तर नुसते—"

"—शिंकत बसलास!" वन्संनं वाक्य उचललं. "मी तेव्हाच म्हणत होते एकत्र गाऊ, पण ही—"

"—ही? मी? तूच पहिल्या दिवशी डफ काखेत मारून—"

"—निघणारच! तू मध्येच ब्रेक मारलास माझ्या—"

"—मारणारच, तू वळणावर कधी हळू होतेस का? आणि तो रेकॉर्डिंगवाला म्हणे आवाज स्वच्छ येतो—"

"—स्वच्छ! दवाखान्यासारखा स्वच्छ! मी त्याला म्हटलं होतं—"

"—काय म्हटलं होतंस? माझ्या कानावर तर—"

"—येईल कसं, तू बोलत होतीस का माझ्याशी? डबा ठेवायचीस आणि पळायचीस जिन्यातून—"

"—तुला आवडते म्हणून भाजी जास्त घालायचे त्यात, मेले, ती कळली नाही तुला—"

"—कळली! म्हणून तर डबा घासून—"

'तू' परत आलं होतं. दादाच्या हातातली कात्री कोणाच्याही केसाला न लागता हवेत वाजायला लागली होती, कचकच, कच, कचकच, दोघींच्या मधल्या फटींत. बेकरीवाल्यानं डोळे मिटून घेतले होते. चादरीखाली त्याचे दोन्ही हात पीठ मळत होते. मुख्याध्यापक बाकावर पाय हलवत बसले होते आणि त्यांना एकही शब्द धड लागत नव्हता.

दोघी भांडत भांडतच दाराबाहेर पडल्या. जिन्यावर भांडण चढत गेलं. वर दार उघडल्याचा आवाज झाला, काहीतरी पडलं, वहिनी ओरडली, "अगं ए, खुंटीवरचा माझा पट्टा दे," आणि ॲकॉर्डियननं एक लांब श्वास घेतला.

दादानं कात्री फळीवर ठेवली. स्पीकर बंद केला. बाहेर जाऊन पायरीवर बसला.

थोड्या वेळानं बेकरीवाला बाहेर आला, गळ्यात चादर, डावीकडचे केस कापलेले आणि उजवीकडचे जसेच्या तसे. तो दादाशेजारी टेकला.

"दादा," तो म्हणाला, "माझ्या अर्ध्या डोक्याचं काय?"

"गप बसा हो जरा," दादा म्हणाला. "ऐकू द्या."